माशांना लागलेली हळद

मासे पाळणं हा माझा व्यवसाय होता असं सांगितलं की समोरचा माणूस आधी विचारतो, "खायचे?" नाही म्हटलं की विचारतो, "मग शोभेचे?" तेही नाही म्हटलं की बोलणं ट्रॅफिकवर जातं. या अंकाच्या संपादकांनी मात्र चिकाटीने तिसरा प्रश्न विचारला, "मग कशाला पाळत होता?" त्याचं उत्तर म्हणून हा लेख. लांबला तर दोष त्यांचा.

बंगळूरच्या उत्तरेला, देवनहळ्ळीच्या वाटेवर, एका संशोधन संस्थेत मी मत्स्यगृह सांभाळत होते. जयनगरहून बस बदलत जायचं. मत्स्यगृह म्हणजे एक मोठी दमट खोली, भिंतीभर लोखंडी रॅक, रॅकवर पारदर्शक प्लास्टिकच्या टाक्या आणि त्यातून अखंड वाहणारं पाणी. शेजारी एक अंधारी खोली, तिथे सूक्ष्मदर्शक. दोन्ही खोल्यांच्या किल्ल्या माझ्या कमरेला. हुद्दा टेक्निकल ऑफिसर, पण संचालकांपासून सफाईवाल्यांपर्यंत सगळे मला 'अक्का' म्हणत. नाव वत्सला आहे हे बहुतेकांना निरोप समारंभाच्या बॅनरवरून कळलं.

आमचा मासा झेब्राफिश. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे-रुपेरी पट्टे. गंमत म्हणजे हा मासा आपलाच. इथल्या ओढ्या-नाल्यांत, भाताच्या खाचरांत हा पिढ्यान्‌पिढ्या राहतो. पण प्रयोगशाळेतले वाण परदेशात तयार झाले आणि थर्मोकोलच्या खोक्यातून विमानाने आमच्याकडे आले. म्हणजे जन्मभूमीत परत यायला त्यांना परवाने लागले. मला त्याचं फार नवल वाटलं नाही. आमचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर या गावात आलं, तरी भाजीवाला अजून मला विचारतो, "अक्का, नीवू नेटिव्ह यावूरु?" तुमचं मूळ गाव कुठलं? मी "जयनगर फोर्थ ब्लॉक" म्हणते. त्याचं समाधान होत नाही.

हा मासा शास्त्रज्ञांचा लाडका, कारण त्याची पिल्लं काचेसारखी आरपार दिसतात. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की धडधडणारं हृदय, शेपटीकडे पळणाऱ्या रक्तपेशी, सगळं जिवंतपणी पाहता येतं. अंडी मिळवायची रीतही सोपी. संध्याकाळी नर आणि मादी एकाच टाकीत, पण मध्ये पडदा लावून ठेवायचे. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा. हे मासे उजेड झाल्यावर अंडी घालतात. नव्या विद्यार्थ्यांना हे सांगताना ते उगाच लाजत. मी म्हणायची, "लाजताय काय, मासे लाजत नाहीत."

मत्स्यगृहातला माझा उजवा हात म्हणजे मुनिराजू. देवनहळ्ळीजवळ त्याची द्राक्षबाग होती, तिथे आता घरांचे प्लॉट पडून लेआउट झालं आहे. हातातली शेती गेल्यावर तो आमच्याकडे टाक्या धुवायला लागला आणि पुढे माशांचं सगळंच पाहू लागला. उन्हाळ्यात बोअर आटून टँकर आला की आम्हा दोघांच्या तोंडचं पाणी पळायचं. माणसाला चालतं ते पाणी माशाला चालेलच असं नाही. आम्ही आधी एक टाकी भरून दोन-चार म्हातारे मासे त्यात सोडायचो आणि ते निवांत पोहू लागले तरच बाकीच्यांना ते पाणी द्यायचो. टँकरवाला खाली हॉर्न वाजवत असायचा. "काय हो, पाणी घेताय की मुलगी बघताय?" असं एकदा त्याने विचारलं. मुनिराजू म्हणाला, "मुलाकडच्यांची पसंती यायची आहे, थांबा."

ओपन डेला मारतहळ्ळीहून एक गृहस्थ आले होते, संगणकातले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, वास्तूसाठी नऊ फिश पाहिजेत, ईशान्येला ठेवायला. तुमचे सायंटिफिक आहेत, जास्त पॉवरफुल असतील." मी कपाळाला हात लावला. मुनिराजूने मात्र अदबीने सांगितलं, "देतो सर, पण हे सरकारी मासे आहेत. ते घरी आले की मागोमाग ऑडिटवाले येतात." गृहस्थ कँटीनकडे निघून गेले.

आता मुख्य गोष्ट. ती दीपाची आहे.

दीपा निपाणीची. वडील नाहीत, आई पिठाची गिरणी चालवते. घरात मराठी, शाळेत कन्नड, कॉलेजात इंग्रजी अशी वाढलेली. पीएचडीला आमच्या संस्थेत आली तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्याशी मराठीत बोलली आणि मी जरा जास्तच विरघळले. तिचे गाईड शिवप्रकाश सर. हुशार, घाईचे, मनाने सरळ. त्यांच्याशी आम्ही कन्नडमध्ये बोलायचो, इथे मराठीत देते.

दीपाचा विषय समजायला फार शिकलेलं असावं लागत नाही. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत सगळ्या शरीराची कृती लिहिलेली असते. मग एक पेशी डोळ्याची होते आणि दुसरी कातडीची, ती कशी? इथल्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, सकाळी एकाच रव्यातून तिखट उप्पिट्टू होतो आणि गोड केसरीबातही होतो. रवा तोच, आचारी काय घालतो त्यावर सगळं ठरतं. पेशीतल्या या आचाऱ्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. हे एका जातीचे प्रथिनांचे रेणू. ते डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतात आणि कोणतं जनुक चालू व्हायचं, कोणतं बंद राहायचं, ते ठरवतात.

माशाच्या कातडीत काही पेशी असतात, त्या दिसायला अगदी रोगांशी लढणाऱ्या रक्षकपेशींसारख्या. तशाच फांद्या फुटलेल्या, तशाच सरपटत फिरणाऱ्या. रक्षकपेशींचं मूळ रक्तात, हे ठरलेलं. पण या पेशी रक्तातून आलेल्याच नसतात. त्या कातडीतच जन्मतात आणि रक्षकाचं रूप घेतात. कामही अर्धंच करतात. अपार्टमेंटच्या गेटवरचा वॉचमन चोर पकडत नाही, कोण आलं ते बघून आत फोन लावतो, तसं यांचं. बाहेरच्या पाण्यातलं काही उचलायचं आणि आतल्या खऱ्या रक्षकांच्या हाती द्यायचं. कुठे जखम झाली तर खरे रक्षक धावत जातात, हे जागचे हलत नाहीत.

दीपाचा प्रश्न असा, की कातडीतल्या पेशीला वॉचमन कोण बनवतं? तिचं म्हणणं, दोन आचारी लागतात. पहिला पेशीला कातडीच्या घरातली करतो. दुसरा तिच्यावर रक्षकाचा वेश चढवतो. हा दुसरा आचारी ज्या माशांत जन्मतःच बिघडलेला आहे असा एक वाण तिने तयार केला होता. त्या पिल्लांच्या कातडीत या पेशी दिसेनाशा व्हायला हव्यात. दिसाव्या म्हणून त्या पेशींपुरता एक हिरवा प्रकाश पेटेल अशी सोय असते. निळा प्रकाश टाकला की त्या पेशी हिरव्या चमकतात. चांगल्या पिल्लाच्या अंगावर हिरवे ठिपके आणि बिघडलेल्या वाणाच्या पिल्लाच्या अंगावर काळोख, असं दीपाला दाखवायचं होतं. आणि तसंच दिसत होतं. सरांनी शोधनिबंध लिहून काढला. शेवटची, स्वच्छ, मोठी चित्रं तेवढी घ्यायची राहिली होती.

घाईचं कारण होतं. युरोपातला एक गट हेच काम करतो आहे अशी कुणकुण सरांना एका परिषदेत लागली होती. आमच्या धंद्यात दुसऱ्या नंबरला बक्षीस नसतं. दीपाची शिष्यवृत्ती संपत आली होती. निबंध आधी छापून आला तर पुढे परदेशी जागा मिळण्यासारखी होती, आईची गिरणी बंद करता आली असती. मागे पडला तर पाच-सहा वर्षांचं काम कोणाच्या तरी पेपरच्या तळटिपेत जाणार होतं. हे तिला माहीत होतं, मलाही.

आणि मध्ये आयुधपूजा आली.

महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला हवं की आमच्याकडे खंडेनवमीला यंत्राला पूजा चुकत नाही. बस, रिक्षा, लेथ मशीन, लॅपटॉप, सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूची माळ आणि दारात फोडलेला कोहळा. विज्ञान संस्था त्याला अपवाद नाहीत, उलट आमची यंत्रं महाग म्हणून पूजा जास्त भक्तीने. पौरोहित्य मुनिराजूकडे. मी दर वर्षी बजावायची, "मत्स्यगृहात उदबत्ती नाही, कापूर नाही, पाण्याजवळ काही नाही." तो मान हलवायचा. ते त्याने पाळलंही. पण प्रसादाच्या गडबडीत हळदीची वाटी सगळ्या मजल्यावर फिरली आणि जो तो आपापल्या वस्तूला बोट लावत गेला. आमच्याकडे त्या दिवशी एकही वस्तू उपाशी राहत नाही.

पूजेनंतरच्या आठवड्यात दीपाने शेवटची चित्रं घ्यायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी ती अंधाऱ्या खोलीतून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"अक्का, जरा येता काय?"

मी गेले. पडद्यावर बिघडलेल्या वाणाचं पिल्लू होतं. त्याच्या अंगावर हिरवे ठिपके होते. बरेच होते.

"हे चांगलं पिल्लू असेल," मी म्हटलं. "ताटल्या बदलल्या असतील."

"न्हाई हो. तपासून घेतलंय. आणि एकाच्या अंगावर न्हाई, सगळ्याच ताटलीत हायत."

तिने सरांना बोलावलं. सर आले, खुर्चीत बसले. त्यांचा निबंध त्यांच्या डोळ्यांसमोर वाहून चालला होता. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि हिरव्याऐवजी लाल प्रकाश पाहायचा फिल्टर आणला. आमच्या पेशी फक्त हिरव्या दिसतात, लालमध्ये त्या दिसता कामा नयेत. ठिपके लालमध्येही दिसत होते.

"या पेशी नाहीत," सर म्हणाले. "ही कसलीतरी घाण आहे." त्यांनी पिल्लं उचलायचा ड्रॉपर हातात घेतला, दिव्याखाली धरला, त्याचा रबरी फुगा नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघून हसले. "अक्का, सांबार."

फुग्यावर पिवळं बोट उमटलेलं होतं. हळद निळ्या प्रकाशाखाली चमकते, हे आम्हा सगळ्यांना पुस्तकातून ठाऊक होतं. पुस्तकातलं आणि पूजेतलं एकाच वेळी कोणाला आठवलं नव्हतं, एवढंच. फुगा दाबताना भुकटी ताटलीत पडत होती आणि पिल्लांच्या अंगाला चिकटत होती.

मजल्यावर हशा पिकला. सर तर इतके सुटल्यासारखे झाले की त्यांनी सगळ्यांना कॉफी पाजली. "पिल्लांची लग्नं ठरली, हळद लागली," असं कोणीतरी म्हणालं. मुनिराजूला मात्र हसू आलं नाही. "हळदीने आजवर कोणाचं वाईट झालंय काय अक्का?" असं तो मला दोनदा विचारून गेला. त्याला मी सांगितलं की ड्रॉपरची पूजा कोणीही केली असेल, वाटी तर माझ्याही हातातून गेली होती.

हळदीच्या ताटल्या बाद करायच्या, आधीची चित्रं वापरायची आणि निबंध त्याच आठवड्यात पाठवायचा, असं सरांनी ठरवलं. मला त्यात गैर वाटलं नाही. कोणालाच वाटलं नाही.

आमच्या संगणकाची डिस्क नेहमी भरलेली असे. कोणीही आपल्या फायली पुसत नाही, ते काम अक्काचं. माझी एक सवय होती, पुसण्याआधी प्रत्येक फाईल एकदा उघडून बघायची. दीपाने हळदीच्या दिवशीच एका पिल्लाला पातळ जेलीत निजवून त्याची रात्रभराची फिल्म लावून ठेवली होती, ठरावीक अंतराने एक हिरव्यातलं आणि एक लालमधलं चित्र. हळदीचा उलगडा झाल्यावर ती फिल्म कोणी पाहिलीच नाही. मी सकाळी चहा घेऊन बसले आणि ती पुसायला काढली.

फिल्म सुरू केली. ठिपके जागच्या जागी. हळदीची भुकटी जाते कुठे? शेवटाकडे आले आणि कडेचा एक ठिपका हलला. मला वाटलं पिल्लू हललं असेल. पण पिल्लू हललं असतं तर सगळे ठिपके हलले असते. मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. त्या ठिपक्याने एक पाय बाहेर काढला, चाचपला, मग अंग ओढून घेतलं आणि पुढे गेला. मी त्याच वेळची लालमधली चित्रं काढून पाहिली. बाकी सगळे ठिपके लालमध्ये होते. हा नव्हता.

ती पेशी होती. जिथे एकही असायला नको होती तिथे ती सरपटत चालली होती.

खोटं कशाला सांगू, चहा निवेपर्यंत मी तशीच बसून राहिले. फाईल पुसायचीच होती. माझ्यावाचून कोणी ती पाहिली नव्हती आणि पुढेही कोणी मागितली नसती. एका पेशीसाठी त्या मुलीचं वर्ष घालवायचं का, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. मग मला वाटलं, हा विचार करायचा अधिकार तिचा आहे, माझा नाही. सरांना सांगण्याआधी मी तिला बोलावलं.

"बरं, बस आधी," मी म्हटलं आणि फिल्म लावली.

तिने पाहिली. "परत लावा." परत लावली. तिसऱ्यांदा तिने स्वतः माऊस घेतला.

"चालाय लागलंय की ओ हे," ती म्हणाली.

"हो."

"आणि लालमध्ये?"

"नाही दिसत."

पडद्यावरून नजर न काढता तिने विचारलं, "हे तुम्ही आणि मीच बघितलंय न्हवं?"

"दोघींनीच."

बाहेर पंपांचा आवाज चालू होता. ती नखाने टेबलाची कड खरवडत राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. काही वेळाने ती उठली, फाईल पेनड्राइव्हवर घेतली आणि म्हणाली, "सरांच्याकडे जाऊन येतो. तुम्ही येऊ नका. तुम्हाला बघून ते जास्त चिडतील." निपाणीच्या मुली अशाच बोलतात, 'येतो, जातो.' त्या दिवशी मला ते ऐकून रडू आलं.

सर चिडले. त्यांच्या खोलीचं दार बंद होतं तरी आवाज बाहेर येत होता. "एका पिल्लातली एक पेशी. तेवढ्यासाठी तू पेपर थांबवणार?" दीपाचा आवाज हळू होता, तो ऐकू आला नाही. मागाहून तिने सांगितलं, की ती एकच वाक्य परत परत म्हणत राहिली, "सर, ते चालतंय."

दुपारी सर माझ्याकडे आले. माझ्याशी नजर न मिळवता म्हणाले, "नवे ड्रॉपर काढा अक्का. सगळं परत करायचं. स्वल्प वेळ लागेल." आणि जाता जाता दाराशी थांबून म्हणाले, "पिल्लांच्या शेपटीचं टोक कापून बघायला सांगा तिला. चालतं म्हणते ना, तर कुठे जातं ते तरी बघू." माणूस घाईचा होता, पण कोत्या मनाचा नव्हता.

माशाच्या पिल्लाच्या शेपटीचं टोक भुलीत किंचित कापलं तरी ते पुन्हा वाढतं. मी वर सांगितलं, की कातडीत जन्मलेले वॉचमन जखमेकडे जात नाहीत, रक्तातून आलेले खरे रक्षक जातात. दीपाने स्वच्छ ताटल्यांत नवी पिल्लं घेतली, टोक कापलं आणि फिल्म लावली. बहुतेक पिल्लांत काळोखच होता. काहींत एखाद-दुसरी हिरवी पेशी राहिली होती. आणि जिथे राहिली होती तिथे ती सगळं अंग पालथं घालत जखमेपाशी गेली.

म्हणजे दीपाचं म्हणणं खरं होतं, पण अर्धं. दुसरा आचारी नसला की कातडीतले घरचे वॉचमन होत नाहीत, ते नाहीसे होतात. उरतात ते रक्तातून येऊन कातडीत राहिलेले थोडे परके. आम्ही हिरवा रंग फक्त घरच्यांचा समजत होतो आणि त्या थोड्यांना आजवर घरच्यांतच मोजत होतो. एकाच कातडीत, एकाच वेशात, दोन निराळ्या मुळांचे रक्षक राहत होते.

हे नुसतं शेपटी कापून सिद्ध होत नाही. रक्तातून आलेल्या पेशी लाल दिसतील असा दुसरा वाण मागवायचा, दोन्ही वाण जुळवायचे, पिल्लं मोठी व्हायची वाट बघायची, मग त्यांची पिल्लं. महिन्यांमागून महिने गेले. मुनिराजू त्या टाक्यांना रोज स्वतः खाऊ घालायचा, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. शिष्यवृत्ती संपली तेव्हा सरांनी कुठूनतरी थोडी सोय केली. दीपाने खोली बदलून स्वस्तातली घेतली.

सगळे पुरावे हातात यायला थोडा अवकाश होता आणि युरोपातल्या गटाचा निबंध छापून आला. तोच आचारी, तोच बिघडलेला वाण. निष्कर्षही तोच, की त्या पेशी पूर्ण नाहीशा होतात. पूर्ण, असंच लिहिलं होतं. त्या दिवशी दीपा मत्स्यगृहात आली, हातमोजे चढवले आणि मुनिराजूबरोबर टाक्या घासायला बसली. तो तिच्याकडून घासलेल्या टाक्या घेत राहिला. मला तिच्याकडे बघवेना. फिल्म मी दाखवली नसती तर तो निबंध तिच्या नावाने आला असता, आधी आला असता आणि अर्धा चुकीचा आला असता. या तीन गोष्टी मी कितीही वेळा मनात मांडल्या तरी पहिल्या दोन मला टोचत राहिल्या.

तिचा निबंध पुढे आला, लहान मासिकात. परदेशातल्या जागेसाठी तो पुरला नाही. तिला म्हैसूरला कॉलेजात नोकरी लागली. प्रबंधाच्या शेवटच्या तोंडी परीक्षेला तिची आई निपाणीहून आली होती. जाड काठाचं इरकल, हातात लाडवांचा डबा. सभागृहात मी तिच्या शेजारी बसले. सगळं इंग्रजीत चाललं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, की या उरलेल्या पेशी म्हणजे ताटलीतली घाण नव्हे कशावरून? पाठीमागच्या रांगेत आमची मंडळी गालात हसली. दीपा हसली नाही. तिने फिल्म लावली. पडद्यावर काळोखातून एक हिरवी पेशी हळूहळू शेपटीकडे जात राहिली आणि कापलेल्या टोकाशी पोचली. परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढच्या पानावर गेले.

नंतर चहाला आई माझ्याजवळ आली. "अक्का, एक इचारू काय? ती मला घरी म्हणाली, आये, मी मागं पडलो. दुसऱ्या लोकांनी आधी काढलं म्हणं. खरं हाय?"

"बरंचसं आधी त्यांनी छापलं. खरं आहे."

"आणि ते शेवटी पळत गेलं बघा, हिरवं, जखमेकडं. त्ये कुणी आधी बघितलं?"

"दीपानं."

"त्या लोकांनी न्हाई?"

"नाही. ते म्हणाले काही उरत नाही. उरतं हे दीपानं दाखवलं."

"म्हंजे ते चुकलं."

"तेवढ्यापुरते चुकले."

तिने चहा बशीत ओतला, प्यायली आणि माझ्याकडे जरा रागानेच पाहिलं. "मग मागं पडलो असं का म्हणती ती? तिला कुणी सांगितलं न्हाई व्हय हे?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि कोणी सांगितल्याचं मला आठवेना. युरोपातला निबंध आला त्या दिवसापासून आम्ही सगळेच तिच्याशी जपून वागत होतो. सरांनी पैशांचं पाहिलं, मुनिराजूने मासे पाहिले, मी तिच्यासाठी डबा नेला. हे एक वाक्य तिला कोणीच म्हटलं नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं, ते तिला माहीतच असणार.

मी कप ठेवला आणि गर्दीतून तिच्याकडे गेले. ती सरांच्या पत्नीला लाडू देत होती. मी तिचा हात धरून बाजूला घेतलं आणि सांगितलं. ते सगळ्यात आधी तू बघितलंस, जगात कोणी बघितलं नव्हतं, आणि ते बरोबर आहे.

ती डबा हातात धरून उभी राहिली. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

"ठाऊक हाय ओ अक्का," ती म्हणाली. "कुणी म्हणायची वाट बघत होतो."